चार बाजूंना काय आहे

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास सुमन पगारे यांचं खातं बंद झालं. हे खातं एका संकेतस्थळावरचं होतं. तिथे लोक आपलं नाव न सांगता घरादाराचे, वारसाहक्काचे, कोर्टकचेरीचे प्रश्न मराठीतून विचारतात आणि अनोळखी माणसं त्यांना उत्तरं देतात. बंद करण्याचं कारण एका ओळीत दिलं होतं. यापुढे फक्त वकिलांनाच उत्तरं देता येतील आणि आपला सनद क्रमांक आमच्याकडे नाही. ते खरं होतं. पगारेबाई वकील नव्हत्या. नाशिकच्या एका दैनिकात त्यांनी सव्वीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काम केलं होतं. निवृत्तीनंतर आठ वर्षं त्या ‘पान नऊ’ या नावाने उत्तरं लिहीत होत्या.

खातं बंद झालं तेव्हा एका बाईला उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्या बाईच्या हातात चार दिवस होते.

मी त्याच दैनिकात उपसंपादक होतो. पगारेबाईंचं टेबल आमचं डेस्क आणि जाहिरात विभाग यांच्या मधल्या बोळात होतं. पंख्याने प्रुफं उडतात म्हणून त्यांनी ते भिंतीला लावून घेतलं होतं. टेबलावर लाल पेन, थर्मास आणि सहा इंची स्टीलची पट्टी. ओळीखाली पट्टी धरून त्या वाचत. ओळ संपली की पट्टी एक ओळ खाली. डोळा पुढे पळतो, त्याला अडवावं लागतं, असं त्या सांगत. लग्नपत्रिकाही त्या पट्टी लावून वाचत. सहकाऱ्यांनी यावरून पुष्कळ चेष्टा केली. एकाने आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापण्याआधी त्यांना दाखवली, तेव्हा मुहूर्ताचा वार आणि तारीख जुळत नसल्याचं त्यांनी दाखवून दिलं. त्यानंतर चेष्टा कमी झाली आणि पत्रिका जास्त येऊ लागल्या.

त्यांना नेमून दिलेलं काम पान नऊचं होतं. त्या पानावर जाहीर नोटिसा असत. कोणी घर, प्लॉट किंवा शेत विकत घ्यायचं ठरवलं की त्याचा वकील वर्तमानपत्रात नोटीस देतो. अमुक मिळकत आमचे अशील खरेदी करत आहेत, तिच्यावर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास सात दिवसांच्या आत आमच्या कार्यालयात लेखी हरकत घ्यावी. अक्षर इतकं बारीक की चष्मा असलेल्यालाही उजेडात जावं लागे. या नोटिसा देणारा वकील आणि पगारेबाई या दोघांशिवाय कोणी वाचत नाही, असं आम्ही म्हणायचो.

“ज्याने वाचायला पाहिजे,” त्या म्हणाल्या होत्या, “त्याच्या गावात आपला अंक जात नाही.”

जाहिरातीच्या मजकुरात मुद्रितशोधकाने काही बदलायचं नाही, हा नियम. अक्षरं बघायची, अर्थ बघायचा नाही. पगारेबाईंनी तो नियम पाळला. माझ्या माहितीत एकदाच त्या प्रूफ घेऊन जाहिरात विभागात गेल्या. नोटिशीत पंचवटीतल्या एका घराच्या मालकाला कैलासवासी म्हटलं होतं. पगारेबाई म्हणाल्या, हे गृहस्थ सोमवारी आपल्या खिडकीवर हरवल्याची जाहिरात द्यायला उभे होते. कुत्रा हरवला होता. जाहिरात विभागाच्या प्रमुखांनी वकिलांना फोन केला. वकील म्हणाले, पुतण्याने लिहून दिलंय तसं छापा. नोटीस छापली गेली.

दुसऱ्या दिवशी कैलासवासी गृहस्थ अंक घेऊन कार्यालयात आले. संपादकांना भेटायचंय, म्हणाले. संपादक बाहेर गेले होते; निदान तसं सांगण्यात आलं. गृहस्थ तासभर बाकावर बसून राहिले. शेवटी पगारेबाईंनी त्यांना आपल्या टेबलाजवळ बोलावलं, थर्मासमधला चहा दिला आणि सांगितलं, इथे भांडून काही होणार नाही. नोटिशीखाली वकिलांचा पत्ता आहे. आज दुसरा दिवस आहे. त्यांना पत्र लिहा आणि पोच घ्या. पत्रात काय लिहू, असं गृहस्थांनी विचारलं.

“मी जिवंत आहे, एवढंच लिहा. बाकी त्यांना कळेल.”

हा त्यांनी परक्या माणसाला दिलेला पहिला सल्ला. कुत्रा सापडला की नाही, याची नोंद नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचन सोडलं नाही. त्या राहत त्या वसाहतीतल्या बुद्धविहाराला लागून एक वाचनालय आहे. तिथे नाशिकची सगळी दैनिकं येतात, कोणी वाचत नाही तीसुद्धा. साडेसातला वाचनालय उघडे. पगारेबाई पट्टी घेऊन बसत आणि सगळ्या दैनिकांतल्या जाहीर नोटिसा वाचत. प्रत्येक नोटिशीतलं मिळकतीचं पूर्ण वर्णन, दैनिकाचं नाव, वकिलाचं नाव आणि मुदत संपण्याची तारीख त्या दोनशे पानी वहीत उतरवून घेत. हे कशासाठी लिहिता, असं तिथल्या ग्रंथपालांनी विचारलं तेव्हा त्यांनी सवय आहे, एवढंच उत्तर दिलं. वाचनालयात एक जुना संगणक होता. त्यावर त्यांना ते संकेतस्थळ सापडलं.

तिथला व्यवहार मी नंतर पाहिला. प्रश्न विचारणारे बहुतेक घाबरलेले असत, उत्तर देणारे बहुतेक धीट. कोणी लिही, माझ्या मामाचंही असंच झालं होतं, तुम्हीच जिंकणार. कोणी म्हणे, पोलिसात जा. कोणी लिही, पोलिसात अजिबात जाऊ नका. एक गृहस्थ स्वतःला ‘वकीलराजा’ म्हणवत आणि प्रत्येक प्रश्नाखाली तीन कलमांचे आकडे टाकून ‘सविस्तर बोलण्यासाठी संपर्क साधा’ असं लिहीत. पगारेबाईंच्या उत्तरात कलम कधीच नसे. त्यांची उत्तरं पूर्ण वाक्यांत, पूर्णविरामासह असत आणि प्रत्येकाचा शेवट सारखा असे: ‘मी वकील नाही. छापलेलं वाचते, तेवढंच सांगते. कागद घेऊन वकिलाकडे जा.’

वकीलराजांना हे आवडत नसे. त्यांनी एकदा जाहीरपणे लिहिलं, पान नऊ काकू, कायदा म्हणजे शब्दकोडं नाही. पगारेबाईंनी खाली उत्तर दिलं की ते बरोबर आहे, आणि आपण दिलेल्या तीन कलमांपैकी दुसरं या प्रश्नाला लागू नाही, ते भाडेकरूंसाठी आहे. वकीलराजांनी आपलं उत्तर काढून टाकलं.

त्यांची खरी उपयुक्तता वेगळी होती. भाऊ किंवा चुलते परस्पर घर विकताहेत अशी शंका आलेली माणसं तिथे विचारत, आता काय करू. बाकीचे त्यांना कायदा सांगत. पगारेबाई वही उघडत. नोटीस आलेली असेल तर ती कोणत्या दैनिकात, कोणत्या वकिलाची आणि हरकतीला किती दिवस उरले, हे त्या सांगू शकत. सात दिवस उलटले म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही, हेही त्या लिहीत. पण हरकत वेळेत पोचली तर घेणारा थांबतो आणि उशिरा पोचली तर तुम्हाला कोर्टात थांबावं लागतं.

अडचण अशी की विचारणारा नाव सांगायला तयार नसे, गावही नाही. भाऊ वाचेल, ही भीती. गट नंबर किंवा मिळकत नंबर कोणाला पाठ नसे. म्हणून पगारेबाई एकच विचारत: ‘नाव नको, गाव नको. घराच्या चार बाजूंना काय आहे ते सांगा.’ प्रत्येक नोटिशीच्या शेवटी मिळकतीची चतु:सीमा असते. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. माणूस आपला नंबर विसरतो, शेजारी विसरत नाही. चार बाजू आल्या की त्या वहीतल्या नोटिशीशी ताडून बघत आणि उत्तर देत.

यात त्यांची एकदा चूक झाली. सटाण्याकडच्या एका माणसाने आपल्या शेताच्या तीन बाजू कळवल्या. तिन्ही एका नोटिशीशी जुळल्या. चौथी विचारायची राहिली आणि पगारेबाईंनी लिहिलं, होय, तुमच्या शेताची नोटीस आली आहे. तो माणूस चुलतभावाच्या घरी गेला. तिथे साखरपुडा चालला होता. पाहुण्यांसमोर भांडण झालं, मुलाकडचे उठून गेले. दोन दिवसांनी त्याने लिहिलं, “बाई, ते वावर मनं नही शे.” शेत दुसऱ्याचंच होतं.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी आणि तेवढ्याच अक्षरात यायला हवी, असा पगारेबाईंचा आग्रह असे. संपादकांनी तो कधी मानला नव्हता. इथे त्यांनी स्वतःपुरता मानला. त्या उत्तराच्या वर त्यांनी लिहिलं: ‘हे उत्तर चुकलं आहे. तीन बाजूंवर भरवसा ठेवला. चूक माझी आहे.’ मूळ उत्तर त्यांनी काढलं नाही, तसंच ठेवलं. तो साखरपुडा पुन्हा जुळला का, हे त्यांनी त्या माणसाला तीनदा विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. चारही बाजू जुळल्याशिवाय कोणाला काही सांगायचं नाही.

मंगळवारी राहिलेला प्रश्न या नियमात अडकला होता.

त्या बाईला इथे मंदा म्हणतो. सोमवारी तिने लिहिलं होतं की वडील तीन वर्षांपूर्वी वारले. नवऱ्याने टाकल्यापासून ती वडिलांच्या घरात राहते, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला जाते. दोन्ही भाऊ शहरात असतात. भावांनी घर विकायला काढलंय, शनिवारी पेपरात आलंय म्हणतात, मला पेपर मिळाला नाही. भाऊ म्हणतात, बहिणीचं काय असतं घरात. विक्री झाली तर मी जायचं कुठे, एवढाच तिचा प्रश्न होता.

खाली नेहमीप्रमाणे उत्तरं आली. एकाने लिहिलं, भावांशी गोड बोला, माहेर तुटेल. वकीलराजांनी तीन कलमं दिली. पगारेबाईंनी दोन प्रश्न विचारले. एक नेहमीचा, चार बाजूंचा. दुसरा असा: ‘भावांनी तुमची सही कुठे घेतली होती का? घेतली असेल तर त्या वेळी सरकारी ऑफिसात तुमचा फोटो काढला होता का आणि मशीनवर अंगठा ठेवायला लावला होता का?’ हक्क सोडल्याचा कागद नोंदवायचा तर फोटो आणि अंगठा लागतो. हक्क सोडला का, असं विचारलं तर माणूस गोंधळतो. फोटो काढला का, हे त्याला नक्की आठवतं.

मंदाचं उत्तर मंगळवारी साडेचारला आलं. सही एकदा घेतली होती, लाइटचं मीटर बदलायचंय म्हणून, घरीच. फोटो नाही, अंगठा नाही. घराच्या पूर्वेला मारुतीचं देऊळ, पश्चिमेला जाधवांचं घर, दक्षिणेला रस्ता, चौथ्या बाजूला मोबाइलचं दुकान. ‘शनिवारी सात दिवस भरतात म्हणे. हरकत कोणाकडे द्यायची तेवढं सांगा.’

पगारेबाईंना हे वाचता येत होतं. उत्तर लिहायची जागा पडद्यावरून गेली होती.

बुधवारी सकाळी त्यांचा मला फोन आला. जय भीम म्हणाल्या आणि लगेच विषयावर आल्या. वहीत गेल्या शनिवारच्या दोन नोटिसा होत्या. दोन्ही खेड्यातल्या घरांच्या, दोन्हींत पूर्वेला मारुती, पश्चिमेला जाधव, दक्षिणेला रस्ता. एकीत उत्तरेला ओढा होता, दुसरीत सोनू लोहार यांचा भाता. मोबाइलचं दुकान कोणत्याच नोटिशीत नव्हतं.

मी सुचवलं, दुसऱ्या नावाने खातं उघडा.

“त्यांनी मला नाही म्हटलंय, वाघ. दुसऱ्या नावाने गेले तरी ती मीच.”

संकेतस्थळाचा राग आहे का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, राग कशाचा, नियम बरोबर आहे. वकीलराजाकडे सनद असेल तर त्याने लिहावं. फक्त मंगळवारऐवजी रविवारी लागू केला असता तर बरं झालं असतं. मग मी माझ्या नावाने खातं उघडलं आणि मंदाला दोन ओळी लिहिल्या. ‘नवीन सदस्याचं उत्तर तपासणीनंतर दिसेल’ असा मजकूर आला. संध्याकाळपर्यंत तो तसाच होता.

गुरुवारी सकाळी आम्ही नाशिकच्या द्वारका चौकातून पिंपळगाव बसवंतची बस पकडली. आधी कोणत्या गावाला जायचं हे पगारेबाईंनी ठरवलं होतं. ओढा बुजवून त्यावर कोणी मोबाइलचं दुकान काढत नाही, निदान इतक्यात नाही. भात्याच्या जागेवर काढू शकतो. पण बघितल्याशिवाय बोलणार नाही, असंही त्यांनी दोनदा सांगितलं. बसमध्ये त्या तिकिटामागचा मजकूर वाचत होत्या. पिंपळगावात उतरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला टेम्पो कांद्याच्या गोण्या घेऊन उभे होते. तिथून रिक्षा केली. गावाचं नाव इथे देत नाही.

मारुतीचं देऊळ फाट्यावरूनच दिसलं. त्याच्या पश्चिमेला कौलारू घर, पुढच्या खोल्यांना कुलूप, मागच्या दाराशी दोरीवर ओढणी. पलीकडे जाधवांची पाटी. समोर रस्ता. उत्तरेला पत्र्याचं दुकान, वर मोबाइल रिचार्जचा फलक. पगारेबाई रस्त्यात उभ्या राहून चारही बाजूंना वळल्या. मग देवळाच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे गेल्या.

“बाबा, हे दुकान किती दिवसांचं?”

“आता चारेक वर्सं झाली आसतील. सरपंचाच्या पोराचं हाय. का वं, घ्यायचं हाय का?”

“नाही. त्याच्या आधी इथे काय होतं?”

“आधी काय नाय. पडीकच व्हतं.”

“त्याच्याही आधी?”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “लोहाराचा भाता व्हता. सोनूचा. त्यो मरून लय वर्सं झाली. तुमी सोनूच्या कोन?”

“कोणी नाही,” पगारेबाई म्हणाल्या. “त्याचं नाव वाचलंय.”

नोटिशीतली चतु:सीमा वडिलांच्या जुन्या खरेदीखतावरून उतरवली होती. खरेदीखत लिहिलं तेव्हा सोनू लोहार जिवंत होता. त्यानंतर कोणी त्या जागी जाऊन पाहिलं नव्हतं. अशा नोटिसा त्यांनी सव्वीस वर्षं तपासल्या होत्या, असं परत येताना त्या म्हणाल्या. कागदावरच्या कितीतरी जागा आता गावात नसतील, हे आपल्याला सुचलं नाही.

मंदा संध्याकाळी कामावरून आली. चाळिशीची, किडकिडीत, पायात प्लास्टिकचे बूट. अंगणात दोन परकी माणसं बसलेली बघून ती फाटकाबाहेरच थांबली.

“भावांनी पाठवलंय ना? मी खोली सोडणार नाय, सांगा त्यांना.”

“मशीनवर अंगठा ठेवला होता का, असं कोणी विचारलं होतं तुम्हाला?”

मंदा फाटकातून आत आली.

“मी ती,” पगारेबाई म्हणाल्या. “उत्तर लिहायला जागा राहिली नाही, म्हणून आले.”

मंदाने आधी चहा ठेवला आणि मग रडली, या क्रमाने. तुम्ही वकीलबाई ना, असं तिने विचारलं. नाही म्हटल्यावर ती जरा खट्टू झाली. मग कोण, असं तिने विचारलं, तेव्हा पगारेबाईंनी नोटिशीची झेरॉक्स काढून तिच्यापुढे धरली, पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली आणि म्हणाल्या, वाच. मंदाने मोठ्याने वाचलं. मध्ये एक ओळ होती: ‘सदर मयतास वरील दोन मुलांखेरीज अन्य वारस नाहीत.’ तिथे ती थांबली. पट्टी खाली सरकली नाही.

“हे कोणी लिहिलं?”

“वकिलांनी. तुझ्या भावांनी सांगितल्यावरून.”

“अन्य वारस नाहीत,” मंदाने पुन्हा वाचलं. “राखी बांधून घेतली श्रावणात. दोघांनी.”

हरकतीचं पत्र तुम्हीच लिहून द्या, असं ती म्हणाली. पगारेबाईंनी नकार दिला. त्या कोणालाही पत्र लिहून देत नसत. उद्या कामावरून सुट्टी घे, कोर्टाच्या आवारात बायकांना फुकट वकील देणारी कचेरी आहे, दहा वाजता तिथे ये. वडिलांचा मृत्यूचा दाखला, तुझा शाळा सोडल्याचा दाखला आण. त्यावर वडिलांचं नाव असतं. पॅकहाउसचा हंगाम होता. खाडा केला तर मुकादम परत घेईल का, अशी मंदाला काळजी होती. पगारेबाईंनी त्यावर काही आश्वासन दिलं नाही. काम दुसरं मिळेल की नाही, मला माहीत नाही, म्हणाल्या. शनिवार मात्र एकच आहे.

शुक्रवारी मंदा पावणेदहालाच आली होती. कचेरीतल्या तरुण वकीलबाईंनी कागद पाहिले, पत्र तयार केलं, मंदाने सही केली. पगारेबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. सनद नाही, म्हणून आत आल्या नाहीत. शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी हरकत नोटीस देणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात पोचली. कारकून म्हणाला, ठेवून जा. मंदाने विचारलं, पोच? साहेब नाहीत, कारकून म्हणाला. मंदा खुर्चीवर बसली. साहेब आल्यावर पोच घेऊन बाहेर आली तेव्हा एक वाजला होता. पगारेबाईंनी जिन्यात उभं राहून पोचेवरची तारीख, शिक्का आणि सही पाहिली आणि कागद परत दिला.

पंधरा दिवसांनी मंदाचा मला फोन आला. घेणाऱ्याने माघार घेतली होती. थोरल्या भावाने बोलणं टाकलं होतं. धाकटा एकदा येऊन जेवून गेला. मुकादमाने तिला परत घेतलं, पण तीन दिवस उशिरा. हे मी पगारेबाईंना सांगितलं.

“माघार घेतल्याचं लेखी आहे का?”

नव्हतं. मग त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. त्यांनी मंदाला ग्रामपंचायतीत वारसनोंदीचा अर्ज करायला सांगितलं. अर्जाची पोच, पोचेची झेरॉक्स, झेरॉक्स वेगळ्या ठिकाणी. मंदा महिन्यातून एकदा त्यांना फोन करू लागली. पगारेबाई सकाळी वाचनालयात जात राहिल्या, वही भरत राहिल्या. आता त्यातलं कोणाला सांगायची सोय नव्हती. वसाहतीतल्या दोघातिघांनी येऊन विचारलं, त्यांना त्यांनी सांगितलं. वही का लिहिता, असं ग्रंथपालांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्या जळगावला मुलीकडे राहायला गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं, एकटीने राहणं डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. त्यांना सोडायला मी बसस्थानकावर गेलो. एक बॅग आणि पिशवीत वह्या. मंदाही आली होती, पिंपळगावहून, पॅकहाउसचा गणवेश अंगावरच. तिने प्लास्टिकच्या पाकिटातून दोन कागद काढले: घराचा नवा उतारा आणि चतु:सीमेचा दाखला. आदल्या दिवशीच मिळाले होते.

बस लागली होती. वाहक चला, चला करत होता. पगारेबाईंनी पर्समधून पट्टी काढली, बसच्या पत्र्याला कागद टेकवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरावा लागत होता. वाहक म्हणाला, आजी, वरती बसून वाचा की. त्यांनी वर पाहिलं नाही. दोन्ही कागद शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी पट्टी पर्समध्ये ठेवली.

“तीन नावं आहेत,” त्या मंदाला म्हणाल्या. “तुझं तिसरं आहे. अक्षरं, तारीख बरोबर. उत्तर बाजू अजून चुकीची आहे, ती दुरुस्त करून घे.”

मग त्या पायरी चढल्या. बस दहा वाजून पाच मिनिटांनी सुटली. खिडकीची काच बंद होती. त्या आतून काही बोलल्या, ते ऐकू आलं नाही. मंदाने मान हलवली.

जळगावहून त्यांचा एकदा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर आमची भेट झालेली नाही. संकेतस्थळावर ‘पान नऊ’ची जुनी उत्तरं अजून दिसतात, सटाण्याच्या शेताचं चुकलेलं उत्तर आणि त्याच्या वरची दुरुस्तीही. मंदाच्या प्रश्नाखाली शेवटचं उत्तर माझं आहे. ते तपासून प्रसिद्ध व्हायला नऊ दिवस लागले; सनद मला कोणी विचारली नाही.

गेल्या महिन्यात कामानिमित्त पिंपळगावला गेलो होतो, तेव्हा त्या गावात जाऊन आलो. मंदा त्याच घरात राहते. पुढच्या खोल्यांचं कुलूप काढलेलं आहे. ग्रामपंचायतीतला दाखला तिने मला दाखवला, दुरुस्त केलेला. पूर्वेस मारुती मंदिर. पश्चिमेस जाधव यांचे घर. दक्षिणेस रस्ता. उत्तरेस मोबाइलचे दुकान.